मायलोचं कपाळ

मला आधी एक सांगा, या जगात माणसानं विश्वास ठेवायचा कुणावर? ...नाही नाही, कोट काढा, बसा, बाहेर बर्फ थांबलेला नाही, कॉफी तयार आहे... विश्वास ठेवायचा कुणावर? बायकोवर? ठेवा, पर्याय काय आहे? पास्टरबाईंवर? त्यांच्यावर तर ठेवावाच लागतो, रविवारी त्या वरून बघत असतात. पण जो दुकानदार एखादी वस्तू छाती ठोकून तुमच्या गळ्यात मारतो ना, तो स्वतः ती वापरतो का, हे आधी बघा! आणि हे मी सांगतोय, मी, व्हर्लिन हॉगडाल, सव्वीस वर्षं याच गल्ल्यामागे उभं राहून अर्ध्या मिनेसोटाला कॅमेरे विकलेला माणूस. ती काच बघा. उलटं दिसतंय इथून, पण रस्त्यावरून सरळ दिसतं. ‘कच्चं तेच सच्चं!’ मीच रंगवलंय. माझ्याच हातानं. आता खरवडून काढायला गेलो तर लोक विचारणार, का काढलं?

तर कच्चं म्हणजे रॉ. रॉ फाइल. गिऱ्हाईक दारात आलं की मी त्याला माशाचं उदाहरण देतो. म्हणतो, हे बघा, कॅमेरा म्हणजे तुमचा गळ, आणि फोटो म्हणजे वॉलआय मासा. जेपेगमध्ये काढला की कॅमेरा तिथल्या तिथे मासा कापतो, तळतो, तुकडा तुमच्या ताटात टाकतो आणि डोकं, शेपूट, काटे सगळं तळ्यात फेकून देतो! खायला छान. पण मीठ जास्त झालं तर? आता काय करणार, पोहून परत आणणार काटे? आणि रॉ म्हणजे अख्खा मासा, खवल्यांसकट, बर्फाच्या पेटीत. आज तळा, उद्या वाफवा, परवा वाटलं आंबट करावा तर आंबट करा. फोटो निळा आला? घरी बसून पिवळा करा. अंधारा आला? उजेड काढा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला अडीचशे पायऱ्या, रॉमध्ये सोळा हजार! आणि तुम्ही काहीही उपद्व्याप करा, मूळ फाइल जशीच्या तशी, सगळं पुसा, पुन्हा पहिल्यापासून. सांगा, लग्नात मिळते अशी सोय? गिऱ्हाईक हसतं. हसलं की मी म्हणतो, फक्त एक आहे, फाइल मोठी असते हं, तेव्हा कार्ड मोठं घ्यावं लागेल. घेतं! सव्वीस वर्षं घेतंय. कच्चं तेच सच्चं.

आता ऐका, हाच माणूस कसा अडकला.

आमच्या चर्चची दर सात-आठ वर्षांनी पुस्तिका निघते, सगळ्या कुटुंबांचे फोटो, नाव, फोन नंबर. कुणाचं नाक कुणावर गेलंय हे बघायला बरं पडतं. यंदा जानेवारीत पास्टर ग्रेचन मला तळघरातल्या हॉलमध्ये, कॉफीच्या पिंपाशी गाठून म्हणाल्या, “व्हर्लिन, तुम्ही फार कामात असाल नाही?” झालं! आमच्याकडे कुणी काम सांगत नाही हो, तुम्ही कामात आहात का एवढंच विचारतात. मी म्हणालो, “छे, जमेल मला काय!” त्या म्हणाल्या, “नाही, तुम्ही म्हणता तर राहू दे.” मी परत म्हणालो, “खरंच नाही जमायचं.” पण तिसऱ्यांदा नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. तीन दिवस, एक्कावन्न कुटुंबं, मोबदला म्हणजे हॉटडिश, बायकांनी घरून भट्टीत भाजून आणलेलं एका भांड्यातलं जेवण.

पहिले दोन दिवस, देवाशपथ, सगळे रॉमध्ये काढले. चाळीस कुटुंबं. तिसऱ्या दिवशी अकरा राहिली आणि कार्ड भरत आलं. आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, तुझं स्वतःचं दुकान आहे, दहा मिनिटांवर, भिंतभर कार्डं टांगलेली आहेत! आहेत ना. पण सीलबंद आहेत! पाकीट फाडलं की ते नवं म्हणून विकता येतं का? मी मनात म्हटलं, अकरा तर राहिलेत, कोण बघतंय. बोट गेलं बटणावर. रॉचं केलं जेपेग. सव्वीस वर्षांचा धर्म एका बोटानं बुडवला हो! आणि बरोबर तेव्हाच पास्टरबाई आल्या, म्हणाल्या, “अय्या, बाहेर केवढा सुंदर उजेड पडलाय बर्फाचा, ते पिवळे दिवे कशाला जाळता?” दिवे बंद केले, पडदा ओढून बाजूला केला. माझा कॅमेरा पिवळ्या दिव्यांवर लावलेला. आणि मी? माझा चष्मा कपाळावर, लक्ष टेबलाकडे, कारण बटाट्याचे तळलेले तुकडे वर लावलेला शेवटचा हॉटडिश तिथे कमी कमी होत चालला होता...

आणि सगळ्यात शेवटी कोण बसलं माहीत आहे? आर्डिस आणि मायलो!

तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय माहीत. बहीणभाऊ. एकतीस वर्षं बोलत नव्हते. का? तर आर्डिसबाईंचं बर्फावर मासे धरायचं खोपटं मायलोनं मागून नेलं, आणि मार्च संपला तरी तळ्यावरून आणलंच नाही. बर्फ वितळला, खोपटं तळाशी! शेगडीसकट. आईच्या कॉफीच्या किटलीसकट. तेव्हापासून चर्चमध्ये त्या डावीकडे, तो उजवीकडे, आणि मधे एकतीस वर्षं. पण त्या दिवशी दोघंच उरले रांगेत. पास्टरबाई म्हणाल्या, “एकाच फोटोत बसलात तर एक पान वाचेल.” पान वाचवायचं म्हटल्यावर आमची माणसं काय करतील सांगता येत नाही... बसले! मायलोनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती म्हणाली, “हात गार आहे तुझा.” तो म्हणाला, “असणारच, किटली तुझी बुडवली ना.” आणि आर्डिसबाई हसल्या हो! मी खटकन बटण दाबलं. एकच फोटो. दुसरा काढायला गेलो तोवर त्या उठून हॉटडिशकडे गेल्या.

मार्चमध्ये मायलो गेला. झोपेत. शनिवारी अंत्यविधी ठरला, आणि त्याआधी बुधवारी आर्डिसबाई या इथे, या काउंटरपाशी. “व्हर्लिन, तो आमचा फोटो आहे ना रे, तो मोठा करून दे. शवपेटीजवळ ठेवायचाय. आमचा दोघांचा लहानपणानंतर तेवढाच आहे.” मी म्हणालो, “हो... आहे ना.” आमच्याकडे निघायची खूण म्हणून मारतात तशी त्यांनी गुडघ्यावर थाप मारली, “चला तर मग.” सुटलो, मनात म्हणालो. दारापाशी वळल्या. “रॉमध्येच काढलाय ना? म्हणजे काही खराब झालं तरी नीट करता येतं, तूच सांगितलं होतंस मला, ते मोठं कार्ड विकताना.” मी म्हणालो, “हॅहॅ, कच्चं तेच सच्चं!” “चला तर मग.” मी गाडीपर्यंत सोडायला गेलो, तिथे त्यांनी काच खाली केली, “म्हणजे काळजी नाही ना?” चार वेळा ‘चला तर मग’ आणि चार वेळा तोच प्रश्न, पाऊण तास, उणे बारा अंशांत, आणि मी आत टोपी विसरलेलो!

मग फोटो उघडला. अहो, कॅमेरा पिवळ्या दिव्यांवर लावलेला आणि उजेड खिडकीचा, दोघं निळे! आमच्या तळ्यासारखे निळे! निळं काढायला गेलो, जांभळे झाले. जांभळं काढलं, तर दोघं शिजवलेल्या मुळ्यासारखे. आणि खिडकीकडचं मायलोचं कपाळ... पांढरंफेक! सुरकुती नाही, भुवईची वरची कड नाही, काही नाही, जणू तेवढ्या जागी माणूस कापून खिडकी बसवलीय. रॉ असती तर त्या पांढऱ्याखाली कपाळ सापडलं असतं, मी हजार वेळा लोकांना दाखवलंय हे, याच पडद्यावर! पण जेपेगनं ते कपाळ तळ्यात फेकून दिलं होतं. काटे परत पोहून येत नाहीत हो... बायको, लोर्ना, मागून बघत होती. म्हणाली, “पाकीट फाडलं असतंस तर?” एवढंच. आणि झोपायला गेली. अशी वाक्यं बोलून माणूस झोपू कसा शकतो?

मग म्हटलं सरळ सांगून टाकावं. शुक्रवारी तळघरात सगळ्या बायका अंत्यविधीचे सँडविच करत होत्या, म्हणजे पळून जायला दोन दारं, आणि दोन्हींत लोणी लावणाऱ्या बायका. मी फोटो पुढे केला. आर्डिसबाईंनी चष्मा लावला. बघितलं. म्हणाल्या, “हं. वेगळंच आलंय.”

तुम्हाला कळलं नाही. आमच्याकडे ‘वेगळंच आहे’ ही सर्वांत जबर शिवी. तिच्या वर फक्त घटस्फोट.

मी भडाभडा ओकलो सगळं. म्हणालो, “आर्डिस, तुमचा फोटो मी रॉमध्ये काढला नाही. पाकिटाच्या लोभानं जेपेगमध्ये काढला. आणि मायलोच्या कपाळात... म्हणजे त्या जागी... काही माहितीच उरलेली नाही.”

सगळ्या सुऱ्या थांबल्या. आणि आर्डिसबाई म्हणाल्या, “व्हर्लिन, त्या कपाळात माहिती कधी होती? असती तर खोपटं मार्चमध्ये आणलं नसतं का त्यानं?”

आणि हसल्या. तशाच, फोटोतल्यासारख्या. मग रुमाल काढला आणि बराच वेळ तो चेहऱ्यावरून काढलाच नाही. मी उभा. जाता येईना, बसता येईना, कुणीतरी माझ्या हातात सँडविच दिलं, तेही खाता येईना. शेवटी रुमालाआडूनच म्हणाल्या, “हात आलाय ना त्याचा? खांद्यावरचा? मग झालं. रंग काढून टाक.”

रंग काढला. काळापांढरा केला. निळं गेलं, जांभळं गेलं, आणि कपाळावर असा उजेड, की शनिवारी अख्खं चर्च म्हणतंय, “अगबाई, मायलोवर स्वर्गातला प्रकाश पडलाय!” आणि मी मागच्या बाकावर मान खाली घालून.

झालं ना चांगलं, म्हणता? ऐका तर! सोमवारपासून गिऱ्हाईक दारात येतं, म्हणतं, “व्हर्लिन, ते रॉ वगैरे राहू दे, मायलोसारखं साधं जेपेगमध्ये काढून दे. आणि कपाळ तसंच हवं.” मोठी कार्डं भिंतीवर लटकतायत, सीलबंद, माझ्याकडे बघतायत. आणि चर्चच्या समितीनं एकमतानं ठरवलंय, पुस्तिका आता दरवर्षी काढायची. पास्टरबाई आल्या होत्या काल. “तुम्ही फार कामात असाल नाही?” मी नाही म्हणालो. दोनदा.

तेव्हा तुम्ही मोबाइलवर काढा नाहीतर कॅमेऱ्यानं, जेपेगमध्ये काढा नाहीतर रॉमध्ये, माझं काही म्हणणं नाही. फक्त कुणी विचारलं तर चाळीस रॉ, अकरा जेपेग, जे असेल ते सांगा, मूळ फाइल पुसू नका, तेवढा हिशोब खरा ठेवा. बाकी कपाळ ज्याचं त्याचं... चला तर मग. नाही, बसा, मी नुसतंच म्हणालो.