आधीचा फोटो

व्हिसाच्या रांगेत माझ्यापुढे एका छोट्या संस्थेच्या अध्यक्षबाई आणि त्यांची नणंद उभ्या होत्या.

"वहिनी, त्या गावात आपण गेल्या वर्षीच नळ बसवले ना? मग परत कशाला जायचं?"

"अगं, फोटोसाठी. नळ आल्यानंतरचे फोटो ढीगभर आहेत, आधीचा एकही नाही. उत्साहाच्या भरात राहूनच गेला. मग देणगीदारांना फरक दिसणार कसा?"

"पण आता तिथे घरोघरी पाणी आहे!"

"दोन दिवस बंद ठेवायला सांगितलंय. बायका घागरी घेऊन नदीवर जातील."

"आणि त्या तयार झाल्या?"

"तिथल्या मुख्याध्यापिका फार समजूतदार आहेत गं. फक्त म्हणाल्या, घागरी आता कुणाकडेच नाहीत."

"म्हणजे आपल्या सामानातल्या त्या चौदा घागरी..."

"मग! नियोजन लागतं सगळ्याला. बाई अजून एकच विचारत होत्या."

"काय?"

"तुम्ही पहिल्यांदा पाहणीला आलात तेव्हा आमचे जुने नळ गोणपाटाने झाकले होते, या वेळीही तसेच झाकू ना?"

"वहिनी!"

"मी म्हटलं, अगदी तसेच झाका. चल, सरक पुढे."