बिनवायरचे गिअर

पंक्चर काढून घ्यायला सायकलच्या दुकानात थांबलो होतो. माझ्या आधी एक काका डोंगरात चालवायची सायकल घेऊन आले होते. मिस्त्री ती उलटीसुलटी करून बघत होता.

"हिला वायरलेस गिअर बसवायचेत."

"काका, तुमची केबल तर नवीच आहे. गिअर कसे सटासट पडतायत बघा."

"असू दे. त्यात बटणाला नुसतं बोट टेकवलं की झालं ना?"

"झालं. बॅटरी तेवढी चार्ज करत जा."

"करीन. ते बटण डावीकडे बसेल का?"

"वायरच नाही म्हटल्यावर कुठेही बसेल. पण सगळे उजवीकडेच घेतात."

"मला डावीकडे हवंय."

"उजव्या अंगठ्याला काही झालंय का?"

"जरा आळसावलाय. बायकोला कळलं तर ती सायकलच कुलपात ठेवेल."

"आणि उजवीकडचा ब्रेक?"

"लागतो की. परवाच घाट उतरून आलो. थांबायला थोडी जास्त जागा लागते, इतकंच."

"उजव्या हाताने माझा हात धरा बघू. ब्रेक समजून दाबा."

"हं."

"दाबा ना, काका."

"केव्हाचा दाबतोय."