काकूंची लिपस्टिक

कसबा बावड्यातली माझी खोली कशी गेली, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. घरमालकीण काकू जैन, दिवस मावळल्यावर काही न खाणाऱ्या, आणि जीवहत्या चालणार नाही ही त्यांची पहिली अट. माझ्या कचऱ्यात अंड्याचं टरफल सापडलं, तेव्हा काकू लेकाने अमेरिकेहून पाठवलेली लाल लिपस्टिक लावूनच दारात उभ्या राहिल्या. तिचं खोकं त्यांनीच मला पूर्वी कौतुकाने दाखवलं होतं. मी रसायनशास्त्र शिकवते. घटक वाचल्याशिवाय राहवत नाही.

“काकू, हा रंग निवडुंगावरचे किडे वाळवून काढतात. जेवताना तो तुमच्याही पोटात जातो.”

काकूंनी थोडा विचार केला.

“मी दिवस मावळायच्या आत पुसून टाकतो की. तुम्ही अंडं रातीला उकडलंसा. खोली रिकामी करा.”