आम्ही शेवटी जाऊ

डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक नणंद-भावजय बसल्या होत्या. म्हणजे नणंद बसली होती.

"वहिनी, खाली बस. रिसेप्शनिस्ट चहाला गेली म्हणून तू रांग लावायची नसते."

"अगं, ते आजोबा कधीचे ताटकळलेत."

"ऑफिसनं तुला विश्रांतीला पाठवलंय ना?"

"घेतेय की. कपाटं आवरली, तुझ्या भावाचे बूट रंगाप्रमाणे लावले."

"म्हणून दादा काल चपला घालून ऑफिसला गेला. आणि झोप?"

"तेवढी येत नाही."

"आत गेल्यावर हे सांगणार आहेस ना?"

"सांगितलं तर सोमवारी कामावर जाऊ देणार नाहीत. विभागप्रमुखाची खुर्ची जाईल हातची."

"आणि मिळालीच, तर तिच्यात बसून पेंगणार?"

"मी कधी पेंगत नाही."

"बरं बाई. डोकं टेक जरा माझ्या खांद्यावर. रांग मी बघते."

"आजोबांनंतर त्या निळ्या छत्रीवाल्या. मग आपण."

"कळलं."

"मध्ये कुणी घुसलं तर..."

"तर मी आहे."

आजोबा आत जाऊन आले, छत्रीवाल्या बाईही आल्या.

"चला, तुमचा नंबर," रिसेप्शनिस्ट म्हणाली.

"हळू बोला हो. बाकीच्यांना सोडा आधी, आम्ही शेवटी जाऊ."