लॅमिनेट केलेले पास

शनिवार, सकाळचे सव्वाअकरा. शारजातलं अल नहदा, एका टॉवरच्या तळमजल्यावरचं, सरकारी अर्ज टाइप करून देणारं टायपिंग सेंटर. काउंटरच्या आत मालक दौलत. बाहेरच्या खुर्चीवर एसी-डक्टची कामं घेणारे कॉन्ट्रॅक्टर आत्माराम खानविलकर.

— नाही नाही, दौलत, तू आधी टाइप कर, मग बोल. मराठीतच कर, आरतीचे कागद काढतोस ना तसं. लिही — ‘सौ. शालिनी खानविलकर यांस. रोम शहरातले बस आणि मेट्रोचे पाच पास लॅमिनेट करायचा सल्ला आमच्या सेंटरनं दिला होता. खानविलकर साहेबांचा त्यात काहीही दोष नाही.’ खाली सही, खाली तुझा तो निळा शिक्का. बस. दोन ओळी आहेत, तुला काय जड आहे? एकोणीस दिवस झाले, ती खोर फक्कानला बहिणीकडे जाऊन बसलीये. भांडली असती तर बरं होतं — भांडण मला कळतं, साइटवर रोज करतो. ही फोन उचलते, ‘जेवलात का’ विचारते, मी ‘हो’ म्हणतो, आणि ठेवते. काय करायचं माणसानं? कागद दाखवायचा. कागदापुढं कुणाचं काही चालत नाही, हे मी या देशात सव्वीस वर्षांत शिकलोय.

असं काय बघतोस? सल्ला तू दिला नाहीस? बरं, नाही दिलास. पण थांबवलंस का? पाच पास काउंटरवर ठेवले, तू म्हणालास, ‘साहेब, हे मशीनमध्ये घालायचं तिकीट दिसतंय’ — म्हणालास ना? — मग तिथं अडून बसायचं होतंस! ‘दिसतंय’ म्हणून सोडून दिलंस. दोन दिरहमला एक, म्हणजे आपले पन्नासच्या आसपास रुपये, तेवढ्यासाठी गरम रोलरमधून काढून दिलेस. आणि मी तरी काय वेगळं केलं? लेबर कार्ड लॅमिनेट केलं, गेटपास केला, पोरीच्या, मिहिकाच्या, मार्कशीट केल्या. घामानं खिशातला कागद भिजतो इथं, दोन दिवसांत लगदा होतो. लॅमिनेशन नसतं तर निम्म्या आखातानं आपण कोण हे विसरून गेलं असतं. हां, लग्नाचं सर्टिफिकेट केलं होतं, ते माहितेय मला, सारखं काय काढतोस — त्यावर शिक्का बसेना म्हणून रत्नागिरीहून दुसरं आणावं लागलं, शालिनीचा व्हिसा दोन महिने लांबला. तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

हे बघ, ट्रेनची तिकिटं मी काढली — रोम ते फ्लॉरेन्स, फ्लॉरेन्स ते व्हेनिस — इथं ऑफिसात बसून, दोन महिने आधी, पाच जणांच्या सीट एकत्र, सगळं मोबाइलवर. त्यात एक चूक काढून दाखव. पाच म्हणजे मी, शालिनी, मिहिका, आणि शालिनीचा भाऊ संग्राम, त्याची बायको अंतरा. संग्राम अबुधाबीला बँकेत आहे — तुला माहितेय ना तो, कुठल्याही गोष्टीला ‘ॲक्च्युअली’ म्हणून सुरुवात करतो. आता शहरातल्या बस-मेट्रोचं. माझ्या ऑफिसातला स्टॅनली, वसईचा, त्याची बहीण थेरेसा रोमला एका म्हाताऱ्या बाईला सांभाळते. ती ख्रिसमसला इकडं आली तेव्हा तिनं तीन-तीन दिवसांचे पाच पास आणून दिले. आणि पास म्हणजे काय, तर कागद! एवढासा, सिनेमाच्या तिकिटाएवढा. अरे, आपल्याकडं कार्ड टेकवलं की गेट उघडतं, आणि ज्यांनी जगाला रस्ते बांधून दिले म्हणतात, ते अजून कागदाचा कपटा मशीनच्या तोंडात कोंबतायत!

थेरेसानं व्हॉइस मेसेज पाठवला होता. ‘अंकल, पहिल्यांदा चढताना मशीनमध्ये घालायचं, त्यावर तारीख उमटते, तिथून तीन दिवस. कागद दुमडू नका, ओला करू नका.’ ओला करू नका! मग मी काय केलं? तेच ना? — शालिनीनं तो मेसेज दोनदा ऐकला. म्हणाली, ‘अहो, मशीनमध्ये जाईल का हे असलं जाड?’ मी म्हटलं, तू स्वयंपाकाचं बघ. असं म्हणतोच आपण. सगळेच म्हणतात. तू नाही म्हणत? खोटं बोलू नकोस.

तर रोमचं स्टेशन. मेट्रोचं गेट. मी पहिला, मागं चौघं, त्यांच्या मागं अख्खं इटली. पास फटीत घालतोय — प्लास्टिकची कड बाहेर आलेली — जात नाही. उलटा घातला. आडवा घातला. एक म्हातारी काहीतरी बोलली, आशीर्वाद नव्हता एवढं कळलं. संग्राम म्हणाला, ‘ॲक्च्युअली, भाऊजी, हे लॅमिनेट करायला नको होतं.’ शालिनी हळूच म्हणाली, ‘समोर सिगारेटच्या दुकानात मिळतात, थेरेसा म्हणाली होती, नवे घेऊ.’ घ्यायला हवे होते? हो, घ्यायला हवे होते. पण संग्रामसमोर? पास हातात असताना? मी म्हटलं, यल्ला, चला, बसनं जाऊ, बसमध्ये कोण बघतं.

तिसऱ्या स्टॉपवर दोघं चढले. ना टोपी, ना युनिफॉर्म, साधी जाकिटं, खिशातून बिल्ले काढले. त्यातल्या उंच माणसानं माझा पास हातात घेतला, वाकवला, उजेडात धरला, बोटानं वाजवून बघितला — आणि दुसऱ्याला दाखवून हसला. दौलत, हसला तो. अठ्ठावीस माणसं माझ्या हाताखाली आहेत, माझ्यासमोर मोठ्यानं खोकत नाहीत. मग इंग्लिशमध्ये म्हणतो, पाच जणांचा दंड होतो, पण टूरिस्ट आहात, एकाचाच लिहितो. कुणाच्या नावानं लिहू? एक पासपोर्ट द्या.

पाऊच माझ्या गळ्यात. पाचही पासपोर्ट त्यात. हाताला आला तो दिला मी. शालिनीचा होता.

आता योगायोग म्हण, काहीही म्हण. आणि समज, मुद्दाम दिला असता — मी दिला नाही, पण समज — तरी काय चुकलं? माझ्या पासपोर्टवर कंपनी उभी आहे. लायसन्स माझ्या नावावर, अठ्ठावीस जणांचे व्हिसा माझ्या सहीवर, उद्या कुठं काय नोंद निघाली तर? तिच्या पासपोर्टवर काय आहे? ती तर माझ्याच स्पॉन्सरशिपवर आहे. व्हिसात व्यवसाय ‘हाउसवाइफ’. तिला कोण काय विचारणार? — लिहितोयस ना तू? हे लिहू नकोस, हे मी तुला सांगतोय.

मग त्या उंच माणसानं विचारलं, हे प्लास्टिक कुणी केलं? मी म्हटलं, ‘माय वाइफ. शी मॅनेजेस ऑल टिकिट्स.’ आलं तोंडून. बसमध्ये सगळे बघत होते, संग्राम बघत होता. मिहिका म्हणाली, ‘पपा, दॅट्स नॉट ट्रू.’ बापाला, भर बसमध्ये! एवढी फी भरून शाळेत हे शिकवतात. आणि तो माणूस शालिनीकडं वळला, जरा नरमाईनं म्हणाला, ‘सिन्योरा, इज इट सो?’ आणि शालिनी म्हणाली, ‘यस.’ माझ्याकडं बघितलंही नाही. यस म्हणाली, पर्समधून पेन काढलं, सही केली, दंडाची पावती घडी करून ठेवून दिली. नंतर व्हेनिसपर्यंत सगळ्यांशी बोलत होती. फोटोत हसतेय, दाखवू? बघ, हे बघ. राग असता तर दिसला असता ना फोटोत? दुबईला उतरलो, बॅगा आल्या, आणि ही म्हणाली, मी खोर फक्कानला जाते. टॅक्सी तिनंच बोलावली. मी म्हटलं, कितीला पडेल माहितेय का? ती म्हणाली, ‘मी मॅनेज करते.’

म्हणून कागद पाहिजे. लॅमिनेशनचा दोष दुकानाचा निघाला की तिचा नाही, माझाही नाही, विषय खलास. काय? — काय विचारलंस? पाऊचमध्ये वर कुणाचा होता, म्हणजे? तू काय मला बसमध्ये उभा करतोस परत? पासपोर्ट पासपोर्टसारखे असतात, सगळे निळे. अंधार होता. बरं, दुपार होती. गर्दी होती.

राहू दे. पुसून टाक ते. सेव्ह करू नकोस म्हटलं ना. शिक्का ठेव आत. माझ्या मागं रांग लागलीये, त्यांचं बघ तू, मी निघतो.

पासपोर्ट वयाप्रमाणे लावले होते. हॉटेलवर सकाळी मीच लावले, रबर बँड घालून. शालिनीचा तिसरा. पहिला माझा होता.