प्रार्थनासाखळीत माझं नाव

(धायरीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. शनिवारची दुपार. नवरा-बायको स्वयंपाकघरात, नवऱ्याची आई आतल्या खोलीत. ओट्यावर, स्टीलच्या झाकणावर ठेवलेला मोबाईल थरथरतो आणि झाकण खडखडतं.)

सलोमी : घे, वाच. माझे हात कणकेचे आहेत.

आमोद : राहू दे ना. नंतर बघू.

सलोमी : नंतर कशाला? तुझ्याच कृपेने येतायत, तूच वाच. मोठ्याने.

आमोद : बायडाबाई मावशींचा आहे. कात्रजच्या.

सलोमी : मावशी कुठल्या ते मला माहीत आहे. म्हणतायत काय?

आमोद : "प्रिय सलोमी, तुझ्या विश्वासाला लागलेली कीड निघून जावी म्हणून मी आणि आमचे हे, दोघंही बुधवारी उपास धरतो आहोत."

सलोमी : कीड.

आमोद : त्यांची बोलायची पद्धत आहे ती.

सलोमी : मंगळवारी नुसता कोरडेपणा होता. गुरुवारी सैतानाचा हल्ला झाला. आज कीड लागली. सोमवारपर्यंत लोक माझ्या मातीला येतील.

आमोद : मी कोरडेपणाच लिहिलं होतं. "माझ्या पत्नीला प्रार्थनेत कोरडेपणा जाणवतो आहे, कृपया तिची आठवण ठेवा." एवढंच. बाकीचं पुढच्यांनी जोडलं. साखळीचं असंच होतं गं, एकजण प्रार्थना करतो, पुढच्याला पाठवतो...

सलोमी : आणि पाठवताना पदरचं चिमूटभर घालतो. प्रार्थनासाखळी कशी चालते ते मला नको सांगूस. मीपण आहे तिच्यात, शेवटून दुसरी. भाजी निवडत बसले होते तेव्हा आला मला. "भगिनी सलोमी हिच्यावर विश्वास सोडण्याची वेळ आली आहे, कळकळीने प्रार्थना करून पुढे पाठवा." माझाच आजार मला पुढे पाठवायचा होता.

आमोद : साखळीतून तुझं नाव वगळायला हवं होतं. ते राहिलं.

सलोमी : अच्छा. म्हणजे चूक तेवढीच झाली.

आमोद : सलोमी, वाईट हेतू नव्हता माझा.

सलोमी : हेतू वाईट असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं धड. मी तुला काय सांगितलं होतं, आठवतंय? कपड्यांच्या घड्या घालत होतो आपण. मी म्हटलं, हल्ली प्रार्थनेला बसते, ओठ हलतात, आत काही हलत नाही. भांडी घासल्यासारखी प्रार्थना घासते आणि उपडी घालून ठेवते. तू म्हणालास, होतं असं कधीकधी. आणि चादरीचं दुसरं टोक धरलंस. मला इतकं हलकं वाटलं होतं, आमोद. वाटलं, चला, सांगून टाकलं आणि छत काही कोसळलं नाही.

आमोद : मी घाबरलो होतो तेव्हा.

सलोमी : चादर धरून?

आमोद : हो, चादर धरून. खराडीच्या ऑफिसातून घरी येईपर्यंत माझ्यात काही उरलेलं नसतं. जेवणाआधी तू प्रार्थना करतेस, मी आमेन म्हणतो. तिर्झाला तूच शिकवतेस सगळं. मला वाटायचं, घरातलं तेवढं चालू आहे, तुझ्याकडे आहे. तेच बंद पडलं तर मी कोणाकडे बघायचं? मला स्वतःला नाही येत. म्हणून ज्यांना येतं त्यांना सांगितलं.

सलोमी : म्हणजे डबा, भाजी, शाळेची व्हॅन, आईंच्या गोळ्या आणि देव. घरी असते म्हणून सगळं माझ्याच पाळीत.

आमोद : असं म्हणायचं नव्हतं मला.

सलोमी : तू नाही म्हणालास, चर्चच्या पाळकीणबाई म्हणाल्या. काल फोनवर अर्धा तास. नोकरी करणाऱ्या बायकांचं त्या समजू शकतात म्हणे, त्यांना वेळ नसतो. पण तू तर दिवसभर घरीच असतेस, तुला प्रभूसाठी वेळच वेळ. मग चौकशी सुरू. दुसरं होत नाही म्हणून मन खट्टू आहे का. आमोद घेतो का. सासूचा त्रास आहे का. मी आपली नाही, नाही, नाही करतेय. त्यांना एकही कारण देता आलं नाही म्हणून शेवटी मलाच अपराधी वाटायला लागलं.

आमोद : काळजीनेच विचारत असतील.

सलोमी : समोरच्या नाजिमाभाभींनी लिफ्टमध्ये हात धरला माझा. डॉक्टर काय म्हणाले विचारलं. म्हटलं, कसले डॉक्टर? तर त्या म्हणाल्या, खाली पार्किंगमध्ये तुमच्या चर्चच्या दोघी डोळे मिटून तुमचं नाव घेत रडत होत्या, मला वाटलं शेवटची स्टेज आहे. हसू नकोस.

आमोद : नाही हसत.

सलोमी : हसतोयस. ते पीठ दे इकडे.

आनंदीबाई : तुमचं चालू दे. मी झोपलेच नव्हते.

आमोद : आई, तू कशाला उठलीस?

आनंदीबाई : पाळकीणबाईंचा फोन होता. पाच वाजता येतायत. महिला मंडळाच्या सातजणी. तेल पण आणतायत.

सलोमी : कसलं तेल?

आनंदीबाई : तुझ्या कपाळाला लावायचं. फोडणीचं नसावं.

सलोमी : आई, मी बसणार नाही त्यांच्यासमोर.

आनंदीबाई : ऐक पुढचं. रविवारच्या शब्बाथ शाळेतला तुझा मुलांचा वर्ग उद्यापासून शीबा घेणार म्हणाल्या. तू जरा विश्रांती घ्यावीस असं पाळकसाहेबांना वाटतं.

सलोमी : माझा वर्ग?

आमोद : काढून नाही घेतलाय. थोडे दिवस फक्त.

सलोमी : तुला माहीत होतं.

आमोद : काल पाळकसाहेब बोलले. म्हटलं तुला बरंच वाटेल, एक काम कमी होईल.

सलोमी : मग तू काय म्हणालास त्यांना?

आमोद : काय म्हणणार.

सलोमी : शब्द काय वापरलास, आमोद?

आमोद : धन्यवाद म्हणालो.

सलोमी : धन्यवाद.

आनंदीबाई : गॅस बारीक कर, तवा जळतोय.

सलोमी : जळू दे. आई, तुम्ही सांगा याला. आठवड्यातून एक तास. त्या एका तासात मला कोणी मम्मा म्हणत नाही, अगं म्हणत नाही, टीचर म्हणतात. मागच्या रविवारी सार्थकने विचारलं, देवाला झोप आली तर तो कुठे झोपतो. दुसरी म्हणाली, ढगात. तिसरा म्हणाला, ढगात नाही, ढगातून पडेल तो. भांडणच लागलं. मग डोळे मिटायला सांगितले आणि प्रार्थना केली, आणि माझ्या आत हललं. खरंच हललं. तिथे होत होतं मला, आमोद. तेवढ्या एका ठिकाणी होत होतं. आणि तू तेवढंच नेऊन दिलंस.

आमोद : हे तू मला सांगितलं नव्हतंस.

सलोमी : का सांगू? साखळीवर टाकायला?

आमोद : चुकलं माझं.

सलोमी : फोन लाव पाळकसाहेबांना. आत्ता. सांग, माझ्या बायकोचा वर्ग परत करा. चूक माझी होती.

आमोद : बाल्कनीतून बोलतो. इथे रेंज नाही.

आनंदीबाई : रेंज आहे. धीर नाही. जा.

सलोमी : हे असंच असतं यांचं. देवाशी बोलायचं तर सगळ्यांसमोर आणि पाळकांशी बोलायचं तर बाल्कनीत.

आनंदीबाई : आमच्या वेळी असलं काही उशीला सांगायचो. उशी कोणाला सांगत नसे. नवऱ्याला सांगायचं हे तुमचं नवीन.

सलोमी : वाईट आहे का ते?

आनंदीबाई : मला काय माहीत. मी उशीलाच सांगितलं सगळं.

सलोमी : बोलतोय का तो? की ऐकतोयच नुसता?

आनंदीबाई : मान हलवतोय. फोनवर मान हलवून काय कळणार समोरच्याला.

सलोमी : आला. काय झालं?

आमोद : त्यांचं म्हणणं, मुलांसमोर उभं राहणाऱ्याचं मन आधी भरलेलं पाहिजे. दोन-तीन महिने जाऊ दे. नाताळच्या कार्यक्रमानंतर बघू म्हणाले. प्रेमाने बोलले अगदी.

सलोमी : तुझी चूक झाली म्हणालास?

आमोद : म्हणालो. ते म्हणाले, यात चूक कसली, तू घराचा प्रमुख आहेस, तू योग्यच केलंस.

सलोमी : मन त्या मुलांनीच भरत होतं, हे सांगितलंस?

आमोद : सांगायला गेलो. त्यांनी मध्येच फोनवर प्रार्थना सुरू केली. प्रार्थनेत कसं बोलणार मी?

आनंदीबाई : दे तो फोन इकडे.

आमोद : आई, पाळकसाहेबांना नको.

आनंदीबाई : त्यांना नाही. ते माझं कधी ऐकतात? हॅलो, पाळकीणबाई, सलाम. आनंदीबाई बोलतेय. आज येऊ नका. नाही, नाही, घरीच आहोत सगळे. तरी येऊ नका. सून बरी आहे, पोळ्या करतेय. रागावलीय, होय. तेवढी ताकद आहे तिच्यात, काळजी नसावी. तेल राहू द्या, आमच्याकडे आहे. बरं. प्रभूची शांती असो. झालं. सातजणींचा चहा वाचला.

सलोमी : आई.

आनंदीबाई : माझ्याकडे बघू नकोस अशी. वर्गाचं मला जमणार नाही. ते माझ्या हातात नाही. मी जाऊन पडते. पोळी झाली की हाक मार.

आमोद : मी उद्या उपासनेनंतर उभा राहतो. साक्षीच्या वेळेला. सगळ्यांसमोर सांगतो की मी तुझा विश्वास मोडला, तुझं म्हणणं माझ्यापाशीच राहायला हवं होतं.

सलोमी : नको.

आमोद : सगळ्यांसमोर केलं तर सगळ्यांसमोर निस्तरायला नको?

सलोमी : अजिबात नको. तू रडशील. लोक आमेन म्हणतील. चहाच्या वेळी तुझी पाठ थोपटतील, किती नम्र आहे आमोद म्हणून. तुझी साक्ष होईल आणि मी तिचा विषय असेन. आठवडाभर झाले आता विषय.

आमोद : मग करू काय मी?

सलोमी : काही करू नकोस. तेवढं जमतं का बघ.

आमोद : पुन्हा सांगशील का मला काही कधी?

सलोमी : पोळी घे. गार होतेय.

आमोद : मी विचारलं काहीतरी.

सलोमी : मी ऐकलं. दार वाजतंय, उघड. तिर्झा आली असेल भाभींकडून.

तिर्झा : मम्मा, भाभींनी मला केक दिला आणि तुला पण दिलाय. त्या म्हणाल्या, मम्मीला सांग खा म्हणून.

सलोमी : ठेव टेबलावर. चपला बाहेर काढ. हात धुतलेस?

तिर्झा : धुते. मम्मा, सार्थक खाली भेटला. त्याच्या मम्मीला शीबा टीचरचा मेसेज आला. उद्या सगळ्या मुलांनी तुझ्यासाठी एकेक प्रार्थना पाठ करून आणायची. छोटी, एकाच वाक्याची. सार्थकने केली पण पाठ. "हे देवा, आमच्या टीचरला बरं कर." तू आजारी आहेस?

सलोमी : नाही गं.

तिर्झा : मग शीबा टीचर का शिकवणार?

आमोद : तिर्झा, ये इकडे, पप्पा सांगतो.

सलोमी : तू नको सांगूस काही. तिर्झा, मी थोडी दमले आहे. म्हणून.

तिर्झा : मग मी "टीचरला बरं कर" नाही म्हणणार. सार्थकची कॉपी होईल. आणि तू माझी मम्मा आहेस, माझी वेगळी पाहिजे.

सलोमी : म्हण तुला वाटेल ते.

तिर्झा : असं नाही. तूच शिकवलंस ना, ज्याच्यासाठी मागायचं त्याला आधी विचारायचं. मागच्या वेळी मी सार्थकसाठी सायकल मागितली आणि त्याला कुत्रा हवा होता.

सलोमी : हो. शिकवलं होतं.

तिर्झा : मग सांग ना. मी उद्या तुझ्यासाठी काय मागू, मम्मा? तुला काय हवंय?