चाळीसचा व्यस्त

ताई – आणि हे तुला बाबांनी शिकवलं? स्वतःहून?

बारकी – हो. रविवारी तू क्लासला गेली होतीस, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हणाले, ये, गंमत दाखवतो.

ताई – गंमत! चष्म्याचं दुकान त्यांचं, मुलगी मी त्यांची, या फरशीवर रांगले मी. आणि गंमत कुणाला, तर मावशीच्या मुलीला!

बारकी – तुलाही दाखवतील की. विचार ना.

ताई – मी का विचारू? तुला न विचारता मिळतं! काल तर गिऱ्हाइकासमोर, “बारके, या भिंगाचा नंबर सांग गं.” मी शेजारीच उभी होते, खांबासारखी. उद्या तू काचा घासायच्या यंत्राशी बसशील त्यांच्याबरोबर, आणि मी बाहेर फ्रेमांवरची धूळ झटकत बसेन. कळतं मला सगळं.

बारकी – असं काही म्हणाले नाहीत ते.

ताई – म्हणतील. त्याआधी मला दाखव. आत्ता. ते जेवून यायच्या आत.

बारकी – बरं. हे भिंग धर, तोंड खिडकीकडे. तुझं नाही गं, भिंगाचं! मागे हा पांढरा कागद. आता पुढे-मागे कर, समोरची इमारत कागदावर स्पष्ट दिसेपर्यंत.

ताई – अगं बाई! इमारत उलटी! दोरीवरचे कपडे वरच्या दिशेनं लोंबतायत!

बारकी – हलू नकोस, टेप लावते. भिंगापासून कागद... चाळीस सेंटिमीटर. आता याचा व्यस्त काढायचा. तोच नंबर.

ताई – एवढंच? हा तर माझ्या डाव्या हातचा मळ! व्यस्ताच्या चाचणीत वर्गात मला एकटीला पैकीच्या पैकी होते. चाळीसचा व्यस्त एक छेद चाळीस. म्हणजे शून्य पॉइंट शून्य दोन पाच.

बारकी – इतक्या नंबरचा चष्मा मुंगीलासुद्धा लागणार नाही.

ताई – दात काढू नकोस! चाळीस गुणिले एक छेद चाळीस, उत्तर एक. कुठे चुकलं, सांग.

बारकी – व्यस्त बरोबर आहे गं. पण अंतर मीटरमध्ये लागतं. माझंही पहिल्यांदा अस्संच झालं होतं.

ताई – मग ओरडले असतील बाबा.

बारकी – नाही. हसले.

ताई – हसले! मी चुकले असते तर “लक्ष कुठे असतं गं तुझं?” शेजारच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असतं. थांब, मी काढते. चाळीस सेंटिमीटर म्हणजे चाळीस छेद शंभर... दोन छेद पाच मीटर. उलटं केलं की पाच छेद दोन. अडीच! बारके, अडीच नंबर!

बारकी – अगदी बरोबर! आणि अंतर जितकं कमी, तितका नंबर मोठा. हे काकांनी नाही सांगितलं, माझं मलाच कळलं.

ताई – झालं! म्हणजे बाबाही तुझे आणि डोकंही तुलाच! दे ते भिंग इकडे.

बारकी – अगं ओढू नकोस, निसटेल...

(भिंग फुटल्याचा आवाज. पाठोपाठ दार उघडतं.)

बाबा – काय फुटलं? पुन्हा तू? दहा वेळा सांगितलंय, दुकान म्हणजे खेळायची जागा नाही! लक्ष कुठे असतं गं तुझं?

बारकी – काका, माझ्या हातून पडलं.

बाबा – तुझ्या? बरं... असू दे, असू दे, बाळ. काच लागली नाही ना कुठे?

ताई – बघा! बघा! तिला बाळ!

बारकी – काका, मलाही ओरडा ना.

बाबा – काय?

बारकी – इथे राहायला येऊन वर्ष होत आलं. ताईला ओरडता, मला मात्र “असू दे”. पाहुण्यांना म्हणतात तसं.

बाबा – अगं, तसं नाही... तुला काय ओरडू मी?

बारकी – ताई, तू सांग ना त्यांना.

(ताई कोपऱ्यातली केरसुणी उचलते.)

बाबा – काय गं?

ताई – ओरडा की, बाबा. काहीही. पण माझ्यावर ओरडता ना, त्याच आवाजात.